मालेगावचा माग आणि आमची उधारी

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत ज्यांचे कापडाचे दुकान आहे त्यांनी आज आपल्या फळ्यांवर एकदा नजर टाकावी. परकराचे पॉपलिन, अस्तराचे कापड, लुंगी, खेड्यातल्या बायाबापड्यांची स्वस्तातली साडी. यातला बराच माल यंत्रमागावर विणलेला असतो आणि त्यातला मोठा हिस्सा नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातून निघालेला असतो. ताक्यावर शिक्का असतो तो रंगाई-छपाई करणाऱ्याचा. विणणाऱ्याच्या गावाचे नाव त्यावर नसते. गिऱ्हाईक विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

मालेगावचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा दंगल, स्फोट नाहीतर साथीच्या निमित्ताने. ज्या गावाच्या मेहनतीवर आपला गल्ला चालतो, त्या गावाची ओळख व्यापाऱ्याने अशी उडत उडत करून घेऊ नये. आम्ही पस्तीस वर्षांपासून तेथे मालासाठी जातो. जे पाहिले, वाचले आणि हिशेबाच्या वहीतून शिकलो, ते वाचक बंधूंपुढे ठेवतो. यात आमची स्वतःची एक चूकही आहे. ती शेवटी सांगू.

किल्ल्यापासून कारखान्यापर्यंत

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या संगमाजवळ हे गाव वसले. जुने नाव माळीवाडी. १७४० च्या सुमारास पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी मोसम नदीच्या काठी भुईकोट किल्ला बांधायला घेतला. हे काम सुमारे पंचवीस वर्षे चालले असे सांगतात. त्यासाठी सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून गवंडी, पाथरवट व इतर कारीगर आणले गेले. काम संपल्यावर त्यांच्यातले पुष्कळ जण येथेच राहिले. म्हणजे मालेगावच्या वस्तीचा पायाच मुळी बाहेरून आलेल्या हुन्नरी माणसांनी घातला. १८१८ मध्ये इंग्रजांनी या किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा आतली अरब शिबंदी जवळजवळ महिनाभर झुंजली. पुढे इंग्रजांनी येथे छावणी बसविली. ‘कॅम्प’ हे भागाचे नाव आजही चालू आहे.

दुसरी लाट विणकरांची. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेत जी धरपकड आणि वाताहत झाली, तिच्यामुळे मोमीन अन्सारी विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. मुंबई-आग्रा रस्त्याने येता येता त्यांतली काही भिवंडीत, काही धुळ्यात, तर बरीचशी मालेगावात थांबली. १८६२ मध्ये बनारसच्या भागात दुष्काळासारखी स्थिती झाली, तेव्हा आणखी विणकर आले. त्यांच्याबरोबर हातमाग आला, उर्दू जबान आली आणि रोजीसाठी गाव सोडण्याची हिंमतही आली. खानदेशचा कापूस जवळ, आग्रा रस्ता दारात आणि खेड्यापाड्यांतून लुगड्याला मागणी. अशा जागी विणकर रुजला नसता तरच नवल.

तिसऱ्या लाटेचा संबंध थेट आपल्या भागाशी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या वेळच्या हिंसेत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांनी सर्वांत जास्त सोसले, असे पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सरकारला कळविले होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्या दिवसांत आणि नंतरच्या काही वर्षांत संस्थानातून निघालेली कितीतरी कुटुंबे मालेगावात पोहोचली. आमच्या नात्यातली दोन घरे त्यांत होती. येथे दुकान होते ते तेथे मागावर बसले. अब्बा सांगत की आपल्या लोकांना त्या गावाने कोण, कुठले हे विचारले नाही, माग चालविता येतो का एवढेच विचारले.

१९३५ च्या सुमारास मालेगावात विजेवर चालणारा माग आला. स्वातंत्र्यानंतर हातमाग हळूहळू मागे पडला आणि घरोघर यंत्रमाग बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्या थंडावल्या. तेव्हा बाजारातली कापडाची जागा भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगावच्या मागांनी भरून काढली. मुंबईच्या गिरण्यांतून निघालेले जुने मागही या गावांत येऊन लागले. आज मालेगावात लाखाच्या वर माग आहेत आणि त्यांतले बहुतेक साध्या धोट्याचे आहेत.

दाट वस्तीचे गाव

२००१ च्या जनगणनेत मालेगावची लोकसंख्या चार लाखांच्या वर होती आणि शहराची हद्द सुमारे तेरा चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरात तीस हजारांहून जास्त माणसे. पुढे हद्द वाढली आणि २०११ मध्ये लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास गेली. परंतु मोमीनपुरा, इस्लामपुरा, किदवाई रोड या जुन्या भागात पाऊल ठेवणाऱ्याला आकड्यांची गरज पडत नाही. खाली मागांचा कारखाना, वर कुटुंब, बाजूला कांड्या भरण्याचे यंत्र, समोर चहाचे हॉटेल आणि कोपऱ्यावर मशीद. मागांची खडखड चोवीस तास चालते. नवखा माणूस रात्री झोपू शकत नाही. तेथला माणूस मात्र माग बंद पडला की दचकून जागा होतो, कारण वीज गेली म्हणजे रोजी गेली.

मोसम नदी शहराचे दोन भाग करते. पूर्वेला मुख्यतः मुस्लिम वस्ती आणि माग, पश्चिमेला संगमेश्वर, कॅम्प हा मुख्यतः हिंदू वस्तीचा भाग, बाजारपेठ आणि मागे कांदा-डाळिंबाचा मुलूख. दोन्ही काठांत तणाव झाले, हे खरे आहे. ऑक्टोबर २००१ ची दंगल झाली. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानजवळ आणि मुशावरत चौकात स्फोट होऊन तीसहून जास्त माणसे मरण पावली. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे दोन काठ एकमेकांवाचून चालत नाहीत. सुताचे मोठे व्यापारी आणि कापडाचे दलाल बहुधा मारवाडी, गुजराती वगैरे समाजाचे, तर विणणारा मोमीन किंवा आपल्यासारखा दख्खनी मुसलमान. एकाचे सूत दुसऱ्याच्या मागावर चढले नाही तर दोघांच्याही घरी चूल पेटत नाही. म्हणूनच प्रत्येक आघातानंतर थोड्याच दिवसांत सुताच्या गोण्या पुन्हा पुलावरून जाऊ लागल्या.

आठवड्याचे चक्र येथे जुम्यावर फिरते. शुक्रवारी माग थांबतात. जुमेरातला आठवड्याची मजुरी वाटतात. त्या संध्याकाळी किराणा, मटण, खेळणी, औषधे यांच्या दुकानांवर गर्दी होते आणि जुम्याला नमाजनंतर तरुण मंडळी सिनेमाकडे वळतात. याच गावातल्या पोरांनी हाताशी असेल त्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर हिंदी चित्रपटांच्या नकला काढल्या. ‘मालेगाव के शोले’ हा त्यांतला नाव झालेला. त्यांच्यावर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला आणि अलीकडे मुंबईच्या निर्मात्यांनी मोठा चित्रपटही केला. सांगण्याचा मुद्दा असा की हे गाव केवळ कष्टाचे नाही, शौकाचेही आहे. मुशायरे, उर्दू ग्रंथालये, मदरसे, युनानी आणि अभियांत्रिकी महाविद्यालये येथे आहेत आणि त्यांतले बरेचसे लोकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले आहे.

मागाचा हिशेब

आता कामाचा भाग. आपल्यातले अनेक जण कापड विकतात, पण कापड कसे होते हे फारसे पाहत नाहीत. गिरणीतून सूत येते. त्याचा ताणा वॉर्पिंगवर लावतात, सायझिंगमध्ये त्याला खळ देतात आणि बीम भरतात. वहीफणीवाला एकेक धागा वहीतून व फणीतून ओढून देतो. बाण्याच्या सुताच्या कांड्या भरतात, बहुधा घरातल्या बाया आणि म्हातारी माणसे. मग माग चालतो. एक कामगार चार, सहा, कुठे आठ मागही सांभाळतो. बारा तासांची पाळी असते. मजुरी महिन्याची नाही, विणलेल्या कापडाच्या मापाची. धागा तुटला, कांडी संपली, वीज गेली, जॉबर वेळेवर आला नाही, तर तेवढे माप बुडाले.

एक उदाहरण घेऊ. समजा माग मिनिटाला १२० फेके टाकतो आणि कापड इंचाला ५२ पिकांचे आहे. एका मीटरात सुमारे ३९.३७ इंच, म्हणजे एका मीटरला २,०४७ पीक लागतात. भागाकार केला तर एका मीटरला सतरा मिनिटे. बारा तासांच्या पाळीत माग एक क्षणही थांबला नाही तर बेचाळीस मीटर. प्रत्यक्षात तो थांबतोच. चौथा हिस्सा वेळ थांबण्यात गेला असे धरले तर हाती लागतात एकतीस-बत्तीस मीटर. आपण दुकानात गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी चार बोटे कापड जास्त सोडतो. त्या चार बोटांत मागावरचे एक मिनिटाहून जास्त काम असते.

आता पैशाकडे पाहू. दहा मागांचा एक लहान कारखानदार धरा. दोन पाळ्यांत मागामागे साठ मीटर, म्हणजे दिवसाला सहाशे आणि सहा दिवसांच्या आठवड्यात ३,६०० मीटर. कोऱ्या कापडाचा भाव उदाहरणापुरता मीटरला ३० रुपये धरला तर आठवड्याचा माल १,०८,००० रुपयांचा झाला. घेणाऱ्याने नव्वद दिवसांनी पैसे दिले तर सुमारे तेरा आठवड्यांचा माल, म्हणजे चौदा लाख रुपये, बाजारात अडकून पडतात. पंचेचाळीस दिवसांनी दिले तर सात लाख. दहा जुन्या मागांच्या मालकाकडे असे सात-चौदा लाख कोठून येणार? तो सूत उधार घेतो. उधारीचे सूत रोखीपेक्षा महाग पडते. किलोमागे पाच रुपये जास्त धरले आणि मीटरला शंभर ग्रॅम सूत धरले, तर आठवड्याच्या ३६० किलोवर अठराशे रुपये नुसते उधारीचे गेले. ते सूतवाल्याच्या खिशात गेले, पण त्यांना कारण सूतवाला नाही, पैसे थांबविणारा आहे.

मालेगावची मूळ अडचण येथेच आहे. या गावात काम नाही असे कधी झाले नाही. परंतु सूत बाहेरच्या गिरण्यांतून येते आणि त्याचा भाव बाहेर ठरतो. कोरे कापड रंगाईसाठी पाली, बालोत्रा, जेतपूरसारख्या गावांना जाते आणि त्याचाही भाव बाहेरच ठरतो. कारखानदाराच्या हाती फक्त मधला तुकडा राहतो. तुलनेने इचलकरंजीकडे पाहावे. तेथे सहकारी सूतगिरण्या निघाल्या, प्रोसेसिंगचे कारखाने निघाले, नव्या धर्तीचे माग आले. मालेगावला रेल्वेसुद्धा मिळाली नाही. मनमाडला उतरून पुढे एस.टी.ने जावे लागते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला मंजुरी दिली आणि तो मालेगाववरून जाणार आहे, हे आता कुठे घडले. १ एप्रिल १९९९ पासून केंद्राने नवी यंत्रे घेण्यासाठी व्याजात सवलतीची योजना आणली. परंतु त्यासाठी आधी बँकेचे कर्ज लागत असे आणि कर्जासाठी जागेचे कागद लागत. दाटीवाटीच्या गल्लीत वडिलोपार्जित छपराखाली आठ माग असणाऱ्याकडे असे कागद बहुधा नसतात. शिवाय व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणारेही बरेच आहेत.

त्यावर एकामागून एक धक्के बसले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटबंदी झाली. ज्या गावात मजुरी दर आठवड्याला रोखीने वाटतात, तेथे त्याचा अर्थ काय झाला असेल ते व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि दहा मागवाल्यालाही हिशेबनीस शोधावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले आणि एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव साथीचे मोठे केंद्र बनले. काही महिन्यांनी माग पुन्हा सुरू झाले. सगळे झाले नाहीत. साधा माग भंगारात वजनावर विकला जातो आणि एकदा गेलेला माग परत येत नाही.

नांदेड आणि लातूरशी ताळा

आपल्या वाचकांना वाटेल की मालेगावचे दुखणे मालेगावला, आपला त्याच्याशी काय संबंध. म्हणून थोडे आपल्या गावांकडे पाहू.

नांदेडही एके काळी विणकरांचे गाव होते. येथली बारीक मलमल निजामी मुलखात नावाजलेली होती. पुढे गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, कापसाच्या बाजाराला जोर चढला आणि निजामी राजवटीतच येथे उस्मानशाही मिल उभी राहिली. मिलच्या भोंग्यावर शहर उठे आणि बसे. आमच्या लहानपणी अब्बा घड्याळ न बघता भोंग्यावर दुकान उघडत. मिलकामगार हे आमचे पक्के गिऱ्हाईक होते. पगाराच्या दिवशी इतवाऱ्यात उभे राहायला जागा नसे. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ही मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. भोंगा थांबला आणि त्यावर चालणारी खाणावळ, सायकल दुकान, शिंपी, कापडवाला अशी साखळी सैल झाली. सगळी रोजी एका फाटकातून येत असे. ते फाटक बंद झाले आणि बाजाराची एक बाजूच खचली.

लातूरची रचना अगदी निराळी. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्याचा धंदा वेगळा. कुठे सराफा, कुठे भुसार, कुठे कापड, कुठे चामड्याच्या वस्तू. एक धंदा मंदावला तर दुसरा गाव सावरून धरतो. लातूर कमावते ते विविध व्यापारावर. परंतु तेथे विकले जाणारे कापड तेथे तयार होत नाही.

मालेगाव या दोहोंच्या मधले आहे. मिलसारखे एक फाटक तेथे नाही, हजारो लहान फाटके आहेत. म्हणून ते गाव एका दिवसात बंद पडत नाही. पण सगळ्या फाटकांतून एकच माल निघतो, त्यामुळे मंदी आली की ती सर्वांच्या दारात एकाच वेळी येते. आणि मिलमध्ये जो तोटा कंपनीचा किंवा सरकारचा असे, तो येथे त्या त्या घराचा असतो.

आपल्याच भागात एक लहानसे वेगळे उदाहरणही आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे राष्ट्रध्वज तयार होतो. देशात अशी ठिकाणे मोजकीच आहेत. ध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते. माल थोडा आहे, पण त्याचे माप, धाग्याचा दर्जा आणि रंग नियमाने ठरलेले असतात आणि कापड कोणी विणले हे घेणाऱ्याला ठाऊक असते. विणणाऱ्याचे नाव मालाबरोबर राहिले की त्याला भाव मागता येतो. मालेगावच्या कोऱ्या कापडाला नेमके हेच साधलेले नाही.

आमची चूक

आता सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट. आम्ही पहिल्यांदा मालेगावला गेलो ते १९८९ मध्ये, अब्बांबरोबर. तेव्हा नांदेड ते मनमाड मीटरगेज होती. रात्रभर गाडीत, सकाळी मनमाड, पुढे एस.टी. अब्बा माल निवडत, भाव करीत आणि हिशेब त्याच दिवशी चुकता करीत. भावात ते घासाघीस फार करीत, आम्हाला लाज वाटे इतकी. परंतु ठरलेला पैसा ठेवून घेत नसत.

अब्बांच्या पश्चात आम्ही दुकान वाढविले आणि उधारीवर माल घेऊ लागलो. एका वर्षी लग्नसराईसाठी एका ओळखीच्या कारखानदाराकडून रंगीत साड्यांचा मोठा माल उचलला. दोन महिन्यांची बोली होती. त्या वर्षी आपल्याकडे पीक गेले, खेड्यातले गिऱ्हाईक फिरकले नाही, माल पडून राहिला. आमच्याकडे पैसे अगदीच नव्हते असे मात्र नाही. होते, पण ते आम्ही दुसऱ्या मालात घातले. मनात म्हटले, तो जुना माणूस आहे, थांबेल. पाच महिने त्याला थांबविले. त्याची दोन पत्रे आली, एक निरोप आला. आम्ही पुढच्या महिन्याचे सांगत राहिलो.

शेवटी रक्कम घेऊन गेलो, तेव्हा त्याच्या कारखान्यात बारांपैकी आठच माग दिसले. चार मागांच्या जागी फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले होते. आम्ही विचारले, चाचा, नवे माग घालणार आहात का? ते म्हणाले, नाही बेटा, सूतवाल्याला द्यायचे होते, भंगारात दिले. मग त्यांनी चहा मागविला. रक्कम मोजून घेतली, पावती लिहिली. आम्ही माफी मागू लागलो तेव्हा एवढेच म्हणाले, “सेठ, आपका पैसा आता है तो हमारी जुमेरात होती है.” थोड्या वेळापूर्वीपर्यंत आम्ही ‘बेटा’ होतो. त्या वाक्यात ‘सेठ’ झालो, हे आम्हाला त्या रकमेपेक्षा जास्त जड गेले.

त्या चार मागांवर जी चार-सहा माणसे काम करीत होती ती कोठे गेली, हे आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण सर्व जण लहानपणापासून ऐकतो. आपल्या दुकानातल्या नोकराला आपण पगार वेळेवर देतोही. परंतु चारशे किलोमीटरवर मागाशी उभा असलेला माणूसही आपल्याच पैशाची वाट पाहत असतो, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

व्यापाऱ्याने काय करावे

एकट्या दुकानदाराला सुताचा भाव ठरविता येत नाही, रेल्वे आणता येत नाही. पण जे हातात आहे ते असे.

१) मुदत ठरवा आणि बिलावर लिहा. तोंडी बोलीवर दोन महिन्यांचे पाच महिने होतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे.

२) २०२३ च्या वित्त कायद्याने हा मुद्दा आयकरातही आणला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीची वजावट त्या वर्षी मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी मिळते. सबब आपण ज्यांच्याकडून थेट माल घेतो त्यांची उद्यम नोंदणी आहे का हे विचारून वहीत नोंद ठेवा आणि आपल्या हिशेबनिसाला दाखवा.

३) भाव पाडायचा तर बोली करताना पाडा. माल उचलल्यावर पैसे थांबवून नफा काढू नका. आमच्या अनुभवाने, वेळेवर पैसे देणाऱ्याला कारखानदार स्वतः कमी भाव सांगतो, कारण त्याचे सूत रोखीत येते.

४) दोन-तीन दुकानदारांनी मिळून कोरे कापड थेट कारखानदाराकडून घ्यावे आणि रंगाई आपल्या पसंतीची करून घ्यावी. त्याने दलालीचा एक टप्पा वाचतो. ताक्यावर विणणाऱ्या कारखान्याची चिठ्ठी ठेवावी. कापड चांगले निघाले तर पुढच्या वेळी तेच मागता येते, खोट निघाली तर कोणाला सांगायचे ते कळते.

५) वर्षातून एकदा तरी स्वतः जा. मुलाला बरोबर न्या. मागाशेजारी तासभर उभे राहा आणि एक मीटर कापड निघायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. गेलात तर जुम्याला जाऊ नका, माग बंद असतात. बुधवारी जा आणि द्यायचे असेल ते बुधवारीच देऊन या. दुसऱ्या दिवशी जुमेरात असते.